कोपनहेगनचं नॅशनल म्युझियम: आधी कापड बघा, सोनं नंतर

एगत्वेदच्या मुलीचे, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका मुलीचे, कपडे बघायला मी दोन वेळा तिकीट काढलं. दुसऱ्या वेळी लेक म्हणालीसुद्धा, "अगं आई, एवढं शहर पडलंय, पुन्हा तिथंच?" मला पुन्हा तिथंच जायचं होतं. कोपनहेगनला निघालेल्या माणसाला जलपरीचा पुतळा आणि तिवोली बाग सगळेच सांगतात. दोन्ही बघा. पण एकच दिवस हातात असेल तर तो डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्या, आणि ते कसं बघायचं ते माझ्याकडून ऐका.

आमचं घर इचलकरंजीचं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सगळं गावच मागावर जगायला लागलं. सासऱ्यांचे सोळा माग होते. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने त्या खडखडाटात झोप लागायची नाही, आणि नंतर अशी सवय झाली की रात्री वीज जाऊन माग थांबले की जाग यायची. सासूबाईंच्या हाताखाली कांडी भरण्यापासून शिकले आणि ताका तपासायच्या टेबलावर सत्तावीस वर्षं काढली. त्यामुळे कापड समोर आलं की माझी नजर आधी काठावर जाते, मग विणीवर, मग शिवणीवर. बी.ए.ला इतिहास घेतला होता, तो वाचनापुरता राहिला. या संग्रहालयात माझ्या या दोन्ही गोष्टी एकाच काचेमागं भेटल्या.

आधी जाण्यायेण्याचं सांगून टाकते. संग्रहालय भर शहरात आहे. मुख्य रेल्वे स्टेशनवरून तिवोलीला वळसा घालून रमतगमत दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. मेट्रोनं येणार असाल तर नगरभवनाच्या चौकाचं स्टेशन जवळ पडतं. इमारत म्हणजे राजपुत्राचा जुना वाडा, १७४०च्या दशकात पुढं पाचवा फ्रेडरिक झालेल्या युवराजासाठी बांधलेला. मोठ्या माणसांचं तिकीट आपल्या हिशेबानं महागच वाटतं, अठरा वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे. शहराचं कोपनहेगन कार्ड घेतलं असेल तर ते इथं चालतं. सोमवारी जायचं मनात असेल तर आधी वेबसाइट बघून घ्या, वर्षातले काही महिने सोमवारी बंद असतं. पाट्या डॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत आहेत. पिशव्या लॉकरमध्ये ठेवा, पण एखादं पातळ स्वेटर अंगावर राहू द्या. जुन्या कापडाच्या दालनांत थंडावा असतो आणि उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. डोळ्यांना त्या अंधाराची सवय व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. ती जाऊ द्या. घाई करणारी माणसं काचेत डोकावतात, काही दिसलं नाही म्हणून पुढं निघून जातात, आणि संग्रहालयातली सगळ्यात मोलाची वस्तू त्यांची राहून जाते.

ती वस्तू तळमजल्यावर आहे, प्राचीन डेन्मार्कच्या दालनांत. १९२१ साली जटलंडमधल्या एगत्वेद गावाजवळ एक शेतकरी शेतातला मातीचा जुना उंचवटा काढून जमीन सपाट करत होता. आत ओकच्या खोडाची पेटी लागली. त्यानं संग्रहालयाला कळवलं, आणि पेटी कोपनहेगनला आणून इथंच तिच्यातली एकेक गोष्ट बाहेर काढली गेली. आत बैलाच्या कातड्यात गुंडाळलेली, वर लोकरीचं पांघरूण घातलेली सोळा ते अठरा वर्षांची मुलगी होती. लाकडातली वर्षवलयं मोजून साल काढलंय, ख्रिस्तपूर्व १३७०. पेटीत एक फूल सापडलं, यारो नावाच्या रानझाडाचं. ते तिकडं उन्हाळ्यात फुलतं, म्हणून तिला उन्हाळ्यात पुरलं हेसुद्धा कळलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा मृत्यू, आणि त्याचा ऋतू आपल्याला ठाऊक आहे.

माझा सात वर्षांचा नातू काचेला नाक लावून बघत होता. म्हणाला, "आजी, पण ती कुठंय?" प्रश्न बरोबर होता. पेटीत सांगाडा नाही. ओकचं लाकूड आणि पाणी धरून ठेवणारी आंबट माती, यांनी तिची हाडं विरघळवून टाकली आणि केस, नखं, दात, लोकर तेवढी राखली. माणूस नाही, पण त्या माणसाचे कपडे ज्या जागी ज्या अंगावर होते तसे आहेत. त्याला मी म्हटलं, "बाळा, तिचं दप्तर, तिचा फ्रॉक, तिच्या बांगड्या सगळं आहे. तूच आता ओळख ती केवढी होती." मग तो स्वतःच्या खांद्यापासून हात मोजायला लागला.

चोळी बघा. चोळीच म्हणायला हवी, कारण कमरेच्या वर थांबते आणि बाह्या कोपरापर्यंत आहेत. आता सगळी तपकिरी दिसते. वीण साधी, एक उभा एक आडवा, आपण ज्याला प्लेन म्हणतो तीच. सूत जाडसर, हातानं पिळलेलं, सगळीकडे सारखं नाही. पण बेतणी बघून मी थक्क झाले. अंग आणि बाह्या वेगळ्या कापून जोडलेल्या नाहीत. एकाच तुकड्यातून घड्या घालून, हव्या तिथं चिरा देऊन बेतलंय, म्हणजे वाया जवळजवळ काही जात नाही. लोकर कातरणं, पिंजणं, कातणं, विणणं हे सगळं हातावर करणाऱ्या बाईला चिंधीचीही किंमत असते. ती किंमत त्या बेतणीत दिसते. आमच्याकडे ताक्याच्या शेवटी उरलेल्या पट्टीवरून सासूबाई माणसांना बोलायच्या, ते आठवलं.

आणि खाली तो घागरा. घागरा म्हणताना मन अडखळतं, कारण तो कापडाचा नाहीच. कमरेला विणलेली एक अरुंद पट्टी, आणि तिच्यातूनच लोकरीच्या पिळाच्या दोऱ्या ओळीनं खाली सोडलेल्या. लांबी ३८ सेंटिमीटर, कमरेभोवती दोन वेढे. पट्टीच्या विणीतला आडवा धागाच बाहेर काढून, पीळ देऊन त्याची दोरी केलीय. म्हणजे दोरी नंतर शिवलेली नाही, विणताविणताच ती खाली उतरलीय. आपल्याकडे साडीच्या पदराच्या दशांना पीळ देऊन गाठी मारतात, ते काम ज्यांनी केलंय त्यांच्या बोटांना हे बघताक्षणी कळेल. दशा सुट्या राहिल्या तर गुंता होतो, पीळ सुटतो. इथं तो सुटू नये म्हणून दोऱ्यांच्या खालच्या टोकांना एक आडवा धागा सगळीकडून फिरवून अडकवलाय. तिथून पुढे माझे पाय हलले नाहीत. लेक आणि नातू पुढच्या दोन दालनांतून फिरून परत आले तरी मी त्या खालच्या कडेशीच होते.

पोटावर पट्ट्यात कांस्याची गोल चकती, तिच्यावर एकात एक फिरणारी वलयं. दोन्ही मनगटांत कांस्याची कडी. डोक्याशी झाडाच्या सालीचा छोटा डबा, त्यात टोचा आणि केसांची जाळी. पायाशी सालीचीच बादली, तिच्यात गहू, मध आणि रानातल्या बेरी आंबवून केलेल्या पेयाचा वाळलेला थर. आणि तिथंच कापडाच्या गाठोड्यात पाच-सहा वर्षांच्या एका मुलाची जळलेली हाडं. ते मूल तिचं नसणार, वयाचा मेळ बसत नाही. भावंड होतं, की तिच्याबरोबर पाठवलेलं कोणी, हे कुणालाच सांगता येत नाही. त्या गाठोड्याची गाठ कुणीतरी नीट बांधली असणार, एवढंच मला सारखं वाटत राहिलं.

या मुलीचं माहेर कुठलं यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. २०१५ साली तिचे केस, दात, नखं आणि कपड्यांची लोकर तपासून डॅनिश संशोधकांनी सांगितलं की ती जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या बाजूनं आली असावी आणि शेवटच्या दोन वर्षांत दोनदा तरी लांबचा प्रवास करून गेली-आली असावी. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी म्हटलं की ज्या स्थानिक पाण्याशी तुलना केली त्याचं मोजमाप आजच्या शेतात पडणाऱ्या चुन्यामुळे बिघडतं, ती एगत्वेदकडचीच असू शकते. मी तो वाद मिटवणारी कोण! पण लांब दिलेली मुलगी, मध्ये एकदा माहेरी जाऊन परत आलेली, ही कल्पना ऐकल्यावर कुठल्या मराठी बाईच्या डोळ्यांपुढं काय येईल हे वेगळं सांगायला नको. मी तरी माझी चंदगडहून इचलकरंजीला आलेली एसटी बघितली.

लोकर टिकली ती ओकमुळं आणि चिखलामुळं. आपल्या काळ्या, तडकणाऱ्या जमिनीत असं काही टिकत नाही, म्हणून आपल्याकडे त्या काळी काय नेसत होते हे दिसत नाही. पण अगदीच नाही असंही नाही. साधारण त्याच काळातल्या नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत ओवणीचा धागा राहिला होता, कापूस आणि रेशमाचा. तांब्याच्या गंजानं तो राखला. बी.ए.च्या पुस्तकात ही एक ओळ होती. परीक्षेत लिहिली, विसरून गेले. एगत्वेदच्या काचेपुढं ती ओळ जशीच्या तशी वर आली.

ओकच्या पेट्यांत आणखीही माणसं आहेत. स्क्रिडस्ट्रुपची बाई १९३५ साली सापडली. तिची केशरचना अजून शाबूत आहे, वर जाळी, कानाशी सोन्याची वळी. तिथून थोडं पुढं हुल्द्रेमोसची बाई. ही खूप नंतरची, लोहयुगातली, १८७९ साली दलदलीतला पीट, म्हणजे जळणाला वापरतात ती कुजक्या झाडपाल्याची माती, खणताना निघाली. दलदलीनं तिची कातडीच राखलीय, काळीभोर, घडी पडलेली. काहींना ते बघवत नाही, लहान मुलं बरोबर असतील तर आधी समजावून न्या. माझ्या नातवाला मी नेलं नाही. पण तिचा घागरा चुकवू नका. तो चौकटीचा आहे. ट्विल म्हणजे तिरप्या रेघांची वीण, उभ्या-आडव्या दोन्हींत रंगाच्या पट्ट्या सोडून काढलेल्या चेक्स, आणि चौकट चौकटीला जुळलेली. आता तो विटकरी-तपकिरी दिसतो. रंगद्रव्यं तपासल्यावर कळलं की घागरा मूळचा निळा होता आणि गळ्यावरचं वस्त्र लाल. अंगावर मेंढीच्या कातड्याचे दोन थर, आणि आतल्या शिवलेल्या कप्प्यात शिंगाचा कंगवा, केसाला बांधायची पट्टी आणि चामड्याची दोरी. चोरकप्पा म्हणा ना. आमच्या सासूबाईंच्या परकराला होता तसा.

कापड मनासारखं बघून झालं की मग धातूकडे वळा. ट्रुंडहोल्मचा सूर्यरथ सगळ्यांनी फोटोत बघितलेला असतो. प्रत्यक्षात तो वाटतो त्यापेक्षा लहान, जेमतेम दोन फूट लांब. १९०२ साली एक जुनी दलदल पहिल्यांदाच नांगरली गेली तेव्हा वर आला. सहा चाकं, पुढं कांस्याचा एक घोडा, मागं पंचवीस सेंटिमीटरची चकती. चकतीला एका अंगानं सोन्याचा पत्रा आहे, दुसऱ्या अंगाला नाही. एक बाजू दिवसाची, दुसरी रात्रीची. घोडा सूर्याला सकाळी उजवीकडे ओढून नेतो आणि रात्री काळोखातून परत आणतो, असं मानतात. तेव्हा काचेभोवती पूर्ण फेरी मारा. बहुतेक माणसं सोन्याच्या बाजूनं फोटो काढून निघून जातात. रथसप्तमीला अंगणात रथ काढून त्यावर दूध उतू घालणाऱ्या घरातली मी, मला ती काळी बाजूच जास्त भावली. आपल्या रांगोळीत सात घोडे असतात, परत कसं यायचं ते आपण काढत नाही.

इथं मला दायमाबाद आठवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या गावी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. बैलं जुंपलेला, वर माणूस उभा असलेला रथ, तोही साधारण दीड फूट लांब. सूर्यरथाहून बहुधा जुनाच. डेन्मार्कमध्ये शाळेतल्या प्रत्येक पोराला त्यांचा रथ ओळखता येतो. आपल्या किती मुलांना दायमाबादचा येतो? मी तरी घरी आल्यावर नातवाला त्याचा फोटो पाठवला आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ म्हटलं.

गुंडेस्ट्रुपची चांदीची कढई १८९१ साली पीट काढणाऱ्यांना सापडली, नऊ किलोच्या आसपास वजनाची, तुकडे सुटे करून आत रचून ठेवलेली. तिच्यावर हत्ती आहेत. डेन्मार्कच्या चिखलात हत्ती! एका पत्र्यावर बाई आणि दोन्ही बाजूंना हत्ती, बघताच गजलक्ष्मी. दुसऱ्यावर डोक्याला शिंगं असलेला, मांडी घालून बसलेला देव, भोवती जनावरं. मोहेंजोदडोच्या मुद्रेशी त्याची तुलना विद्वानांनी केली आहे. पण मुद्रा आणि कढई यांच्यात दोन हजार वर्षांचं अंतर आहे, आणि घडणावळ बाल्कनकडच्या चांदीकामाची मानतात. तेव्हा "हे सगळं आपल्याकडूनच गेलं" असं व्हॉट्सॲपवर पाठवायची घाई करू नका. साम्य बघून हरखावं, तिथंच थांबावं.

लूर नावाची कांस्याची लांब, वळणदार शिंगं आहेत, जोडीजोडीनं. १७९७ साली एकाच दलदलीत सहा सापडली. आपल्या तुतारीची थोरली बहीण वाटते. लुरपाक लोण्याच्या पाकिटावर असतात ती हीच. शिंगांची शिरस्त्राणंही इथं आहेत, आणि ती वायकिंगांची नाहीत, त्यांच्याहून सतराशे-अठराशे वर्षं जुनी आहेत. वायकिंगांच्या भागात आवाज, उजेड, पडद्यावरची जहाजं असं सगळं आहे. मुलं तिथं रमतात, मी भराभर पुढं गेले. गालेहूसच्या सोन्याच्या शिंगांपुढं मात्र थांबा. पहिलं शिंग १६३९ साली लेस विणणाऱ्या एका मुलीला सापडलं, दुसरं १७३४ मध्ये. १८०२ साली एका सोनारानं दोन्ही चोरून वितळवली. काचेत आहेत त्या प्रतिकृती. सोनं वितळतं, चिखलातल्या लोकरीला कुणी हात लावत नाही.

हे सगळं इथवर येतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. तिथं जमिनीत मौल्यवान जुनी वस्तू सापडली तर ती सरकारला द्यावी लागते, दानेफे म्हणतात त्याला, आणि देणाऱ्याला संग्रहालय मोबदला देतं. म्हणून शेतकरी लपवत नाही, कळवतो. आणि पाषाण, कांस्य, लोह अशी तीन युगांची जी मांडणी आपण सहावीच्या पुस्तकापासून पाठ करतो, ती याच संग्रहातल्या वस्तू लावताना ख्रिश्चन युर्गेन्सन टॉमसन यांनी केली. व्यापाऱ्याच्या घरातला माणूस, १८१६ पासून हा संग्रह सांभाळत होता. कुठली वस्तू कुठल्या वस्तूबरोबर सापडते ते बघत बघत त्यानं क्रम लावला, आणि लोकांना स्वतः फिरवून दाखवला. दगड पुसून, धातू तपासून, एकासारखं एक बाजूला काढणारा तो माणूस मला आपल्या तपासणीच्या टेबलावरचाच वाटला.

वरच्या मजल्यांवर मध्ययुग, नवं डेन्मार्क, जगभरच्या वस्तू, ग्रीक-रोमन असं इतकं आहे की एका दिवसात होत नाही. करायला जाऊही नका. मी वसाहतींबद्दलचा भाग तेवढा शोधून बघितला, कारण तिथं त्रांकेबार आहे. तमिळनाडूतलं तरंगंबाडी. १६२० साली डॅनिश लोकांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तिथं किल्ला बांधला आणि १८४५ साली इंग्रजांना विकून टाकेपर्यंत सव्वादोनशे वर्षं राहिले. यातल्या बऱ्याच काळात तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे वंशज होते, म्हणजे हे डॅनिश व्यापारी मराठी राजाला खंडणी भरत होते. आणि सरफोजीराजांना ज्यांनी लहानपणी सांभाळलं, शिकवलं ते पाद्री श्वार्ट्झ, त्यांना १७४९ साली दीक्षा मिळाली ती याच कोपनहेगन शहरात; पुढच्या वर्षी ते त्रांकेबारला उतरले. ज्या सरफोजींनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, त्यांच्या शिक्षणाचा एक धागा इथवर येतो. तंजावर बघून आलेल्या मराठी माणसानं हा भाग बघावाच. गुलामांचा व्यापार, साखरेचे मळे, ग्रीनलंड हे सगळंही तिथं सांगितलंय, आणि स्वतःच्या राजांचं वैभव एवढ्यावर न थांबता सांगितलंय, याचा मला आदर वाटला.

ग्रीनलंडच्या वस्तू बघताना एक गोष्ट माहीत असू द्या. १९८० आणि ९०च्या दशकांत या संग्रहालयानं पस्तीस हजारांच्या आसपास वस्तू ग्रीनलंडच्या संग्रहालयाला परत दिल्या. उसन्या नव्हे, कायमच्या. ब्राझीलच्या तुपिनांबा लोकांचा लाल पिसांचा एक झगा २०२४ साली असाच परत गेला. आपल्याकडे वाघनखं लंडनहून साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. ज्याचं त्याला नेऊन देता येतं, आणि देऊनही संग्रहालय रिकामं पडत नाही, हे मी डोळ्यांनी बघून आले.

मुलांसाठी तळमजल्यावर वेगळं दालन आहे, तिथं वस्तूंना हात लावता येतो, कपडे घालून बघता येतात. नातू तिथून निघेना. जेवायला आतच सोय आहे. शाकाहारी असाल तर राईच्या काळ्या पावावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या घालून देतात ते मागा, किंवा अंडं चालत असेल तर अंड्याचं. पाव आंबूस आणि भरीव असतो, एकानं पोट भरतं.

आता दुसऱ्या तिकिटाचं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी लेकीकडची लोकर घेतली, खुर्चीच्या पाठीला ताणली आणि चार बोटांची पट्टी विणून त्यातून दोऱ्या सोडायला बसले. दोऱ्या झाल्या. दोन धागे वेगवेगळे पिळायचे आणि मग एकमेकांवर उलटे सोडायचे, ते आपलं रोजचंच. खालची कड मात्र जमेना. आडवा धागा नुसता ओवला तर दोऱ्या एका बाजूला गोळा व्हायच्या, गाठ मारली तर कड ताठ व्हायची आणि चालताना फिरणारा तो घोळ जायचा. रात्री अकरापर्यंत तीनदा उसवलं. जावई म्हणाले, "आई, यूट्यूबवर असेल ना." असेलही. मला तिची कड बघून करायची होती.

तीन दिवसांनी सकाळी दार उघडताच गेले, एकटीच. शाळांच्या सहली यायच्या होत्या, दालन रिकामं होतं. मी काचेपुढं वाकून बघतेय हे बघून तिथल्या रखवालदार बाईंनी घडीची खुर्ची आणून दिली आणि काही न विचारता निघून गेल्या. त्यावर बसून मी तासभर फक्त ती खालची दोन बोटं जागा बघितली. डोळे अंधाराला सरावले तसा तो आडवा धागा दिसायला लागला, दोरी सोडून पुढच्या दोरीवर जाणारा. तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलनं तो जसा दिसला तसा काढून घेतला. ते तिकीट आता इचलकरंजीत तपासणीच्या टेबलाच्या काचेखाली आहे, आणि कड अजून पूर्ण जमलेली नाही.